गिरणीच्या पगारातून उभी राहिलेली पतसंस्था

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात मँचेस्टर येथे राहतो. येथे फ्रेंच कॅनेडियन वारशाचा मोठा अभिमान बाळगला जातो. गिरण्यांत मजुरीसाठी आलेल्या या लोकांनी श्रमाखेरीज या भागाला काय दिले?
– एक वाचक, मँचेस्टर

उत्तर : श्रमाचा वाटा हातावेगळा करण्याइतका लहान नाही. १८४० ते १९३० या काळात सुमारे ९ लाख फ्रेंच कॅनेडियन क्वेबेक या कॅनडातील फ्रेंचभाषक प्रांतातली न परवडणारी शेती सोडून अमेरिकेत, मुख्यतः न्यू इंग्लंड या तिच्या ईशान्य भागात, आले, आणि मेरिमॅक नदीकाठची आपल्या शहरातील अमॉस्केग ही अवाढव्य कापडगिरणी बऱ्याच अंशी त्यांच्याच मनुष्यबळावर चालली. स्वागत मात्र कडवट झाले. १८८१ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या एका सरकारी अहवालाने त्यांना ‘पूर्वेकडील राज्यांतले चिनी’ म्हणून हिणवले. एकाच वाक्यात दोन समाजांचा अपमान करण्याचे हे कसब सरकारी म्हणावे लागेल.

तरीही आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर पतसंस्थेत आहे. एका कर्जदाराला १५० डॉलरच्या कर्जापोटी ५,००० डॉलर व्याज भरावे लागल्याचे १८९७ मध्ये कॅनडाच्या संसदेत सांगितले गेले, तेव्हा तेथील कामकाजाचे वृत्तांतलेखक आल्फोन्स देजार्दँ अस्वस्थ झाले. युरोपातील सहकारी पतपेढ्यांचा अभ्यास करून त्यांनी १९०० मध्ये क्वेबेकमधील लेव्ही येथे सभासदांची पतसंस्था स्थापन केली. सभासदत्वाचा भाग (शेअर) ५ डॉलरचा होता, पण तो हप्त्याहप्त्याने भरता येई. पहिला भरणा १० सेंटचा होता आणि पहिल्या दिवशी सारे मिळून २६ डॉलर ४० सेंट जमले.

मँचेस्टरमधील सेंट मेरी चर्चचे धर्मगुरू पिएर एव्ही यांनी याच देजार्दँ यांच्या मदतीने १९०८ मध्ये गिरणी कामगारांसाठी अशीच संस्था काढली. अमेरिकेतील ती पहिली पतसंस्था होय. तिचा कारभार प्रारंभी जोसेफ ब्वावँ या वकिलांच्या घरातून चाले. दुसऱ्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सने पतसंस्थांसाठी कायदा केला, आणि त्या कामीही देजार्दँ यांचे साहाय्य झाले. आपल्याकडील १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यामागेही युरोपातील अशाच पतपेढ्यांचा, म्हणजे जर्मनीत ग्रामीण सहकारी पतपेढ्या सुरू करणाऱ्या रायफायझन यांचा, नमुना होता, त्यामुळे मराठी वाचकाला हे नाते परके वाटू नये.

अमॉस्केग १९३० च्या दशकात बंद पडली. ही पतसंस्था मात्र ‘सेंट मेरीज बँक’ या नावाने आजही चालू आहे. ब्वावँ यांच्या त्या घरात आता पतसंस्था चळवळीचे संग्रहालय असून, आपण त्याच शहरात राहत असल्याने ते अवश्य पाहावे.