दुबईत पोळी-भाजी केंद्र काढायचंय, पण लायसन्स कुठलं घेऊ?

प्रश्न: मी इचलकरंजीत आठ वर्षं पोळी-भाजी केंद्र चालवते. दीर दुबईत नोकरीला आहेत, ते म्हणतात करामामध्ये आपली माणसं भरपूर, चांगलं चालेल. एक एजंट फ्री झोनचं लायसन्स स्वस्तात देतोय. माझ्याकडे 25 लाख आहेत. दीर म्हणतात पैसे इथं एका ओळखीच्याला रोख द्या, तिकडं दिरहम मिळतील. करू का?

उत्तर: ताई, रोख अजिबात देऊ नका. ती सरळ सरळ हवाला आहे आणि उद्या कंपनीच्या खात्यात पैसे आले कुठून हे तुम्हाला दाखवताच येणार नाही. बँकेतूनच पाठवा, वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, तुमची रक्कम त्यात आरामात बसते. फक्त 10 लाखांच्या वरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते, म्हणजे 15 लाखांवर 3 लाख, ते रिटर्न भरताना वळते होतात पण तोवर अडकतात, तेव्हा ते हिशोबात वेगळे धरा. स्वतःच्या परदेशी कंपनीत पैसे घालताय म्हणून बँकेत फॉर्म एफसी भरायचा आणि पुढे दरवर्षी 31 डिसेंबरच्या आत रिपोर्ट द्यायचा, हे सीएकडून आधीच समजून घ्या.

आता लायसन्स. माझं स्वतःचं इथंच चुकलं होतं म्हणून जीव तोडून सांगतोय. मी मसाल्यांसाठी स्वस्तातलं फ्री झोन, म्हणजे कंपन्यांसाठी आखून दिलेल्या वेगळ्या भागाचं, लायसन्स घेतलं आणि नंतर कळलं की त्यावर शहरात दुकान काढता येत नाही, फी गेली ती गेलीच. तुमचं गिऱ्हाईक करामात रस्त्यावरून चालत येणारंय, मग मेनलँडचंच, म्हणजे फ्री झोनबाहेर शहरात धंदा करायचं, लायसन्स लागणार. पूर्वी त्यासाठी 51 टक्के वाटा स्थानिक माणसाला द्यावा लागायचा, 2021 पासून बहुतेक धंद्यांत 100 टक्के मालकी आपली राहते, त्यामुळे "लोकल पार्टनर लागतोच" असं कुणी सांगितलं तर घाबरू नका.

आणि गाळा! भाडं वर्षाचं ठरतं, पुढच्या तारखांचे चेक आधीच द्यावे लागतात, त्यामुळे सही करायच्या आधी स्वतः जाऊन वर बघा, धूर बाहेर काढणारं डक्ट छतापर्यंत गेलंय का. दिवसभर तवा तापणार, भाज्यांना फोडण्या बसणार, आणि म्युनिसिपालिटी किचनचा नकाशा पास केल्याशिवाय चूल पेटवू देत नाही. सिंकखाली तेल अडवणारी ग्रीस ट्रॅपची पेटी पण बघतात. आधी हॉटेलच असलेला गाळा मिळाला तर थोडं जास्त भाडं गेलं तरी घ्या, नवीन डक्ट टाकायला बिल्डिंगवाला हो म्हणेलच असं नाही. तोवर दिरांच्या घरून डबे देऊन बघू म्हणाल तर परवान्याशिवाय तेही चालत नाही.

टॅक्सचं एवढं टेन्शन नाही. नफा 3,75,000 दिरहमच्या वर गेला तर वरच्या नफ्यावर 9 टक्के, आणि वर्षाची विक्री तेवढ्यावर गेली की 5 टक्के व्हॅटची नोंदणी. नफा नसला तरी कॉर्पोरेट टॅक्सचं रजिस्ट्रेशन मात्र करावंच लागतं.

एजंटला आजच लेखी विचारा की लायसन्सवर अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे धंद्याचा प्रकार, काय लिहून येणार आणि त्यावर करामात गाळा घेता येतो का. त्याचं उत्तर मला पाठवा, मी बघून सांगतो, तोपर्यंत एक रुपयाही अ‍ॅडव्हान्स देऊ नका.