फ्लॅटमध्ये ट्यूब अ‍ॅम्प

प्रश्न: घरी गिटारवर ब्लूज ते रॉक वाजवायला ट्यूब अ‍ॅम्प (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर) हवाय. 5 वॉट घेऊ की 15?

उत्तर: आवाजात फरक जेमतेम 5 डेसिबल, शेजाऱ्यांना दोन्ही ऐकू जाणार! वॉटपेक्षा मास्टर व्हॉल्यूम (शेवटचा एकूण आवाज ठरवणारा नॉब) आहे का बघा. तो 1 वर ठेवून गेन (सुरुवातीलाच सिग्नल वाढवणारा नॉब) 7 पर्यंत चढवला की 12एएक्स7 या प्रीअ‍ॅम्प (पहिल्या टप्प्याच्या) ट्यूबचा सूर हळू आवाजातही फाटतो, म्हणजे डिस्टॉर्शन मिळतं; स्पीकरला ताकद देणाऱ्या पॉवर ट्यूबची गुरगुर मात्र मिळत नाही. क्लीन सुरांना 15 वॉट बरा, लवकर फाटत नाही. डिले (प्रतिध्वनीचं) पेडल असेल तर इफेक्ट्स लूप, म्हणजे प्रीअ‍ॅम्पनंतर पेडल जोडायची सोय, हवाच.

रात्री हेडफोन लावायचेत? हेडफोन जोडता येणारा लोड बॉक्स (स्पीकरऐवजी अ‍ॅम्पची ताकद झेलणारा डबा) घ्या. स्पीकर नुसता काढून वाजवलंत तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. अमेरिकेतून मागवताय? मागची पाटी वाचा: 120 व्होल्टचा अ‍ॅम्प आपल्या 230 वर थेट लावू नका.