चार नगरसेवक आहेत, फोन कुणाला करू?

प्रश्न : आमच्या पुण्यातल्या प्रभागात चार नगरसेवक. चौघांचेही व्हॉट्सअॅप ग्रुप, सकाळी गुड मॉर्निंग, दुपारी वाढदिवसाचे फ्लेक्स. पण सोसायटीसमोर ड्रेनेजचं झाकण तुटलंय म्हटलं की एक म्हणतो ती गल्ली ताईंकडे येते, ताई म्हणतात दादांना सांगा. ग्रुप आहेत म्हणजे नगरसेवक मॉडर्न झाले का हो?

उत्तर : कसले मॉडर्न, पूर्वी ऑफिसबाहेर ताटकळत बसायचात आता ग्रुपवर बसता एवढंच. आणि ती गल्ल्यांची वाटणी त्यांची आपसातली आहे बरं का, तुम्ही चार मतं दिलीत म्हणजे चौघंही अख्ख्या प्रभागाचे.

पण खरं सांगू, झाकण हे नगरसेवकाचं कामच नाही. महापालिकेच्या पीएमसी केअर या तक्रारींच्या अॅपवर फोटो टाका, तक्रारीचा नंबर घ्या, अडलं तरच त्यांना गाठा. मार्च 2022 पासून जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत पुण्यात एकही नगरसेवक नव्हता, सगळा कारभार प्रशासकाकडे, तरी झाकणं बसतच होती की रडतखडत. नव्हतं काय, तर बजेट मांडल्यावर सभागृहात उभं राहून 'हा रस्ता परत का खणताय' असं विचारणारं कुणी. नगरसेवकाचं काम ते. आपण मात्र त्याला प्लंबर करून ठेवलाय आणि त्यालाही ते बरं पडतं, कारण झाकण बसवलं की फोटो निघतो, बजेट वाचल्याचा कुठे निघतो!

म्हणून बजेटमधली 'स' यादी बघायला मागा. प्रभागातली कामं त्यात असतात, आणि मार्च आला की चांगले पेव्हर ब्लॉक उखडून तिथेच नवे का बसतात, 'यांच्या संकल्पनेतून' लिहिलेली बाकडी भिंतीकडे तोंड करून का असतात, ते तिथेच कळतं. नागरिकांनी कामं सुचवायची सोय पुण्यात 2006 पासून आहे, फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात मिळतो, पण भरतंय कोण.

आणि क्षेत्र सभा. राज्याच्या कायद्यात 2009 पासून आहे, त्या भागातले सगळे मतदार सभासद, नगरसेवक अध्यक्ष. तुमच्याकडे कधी झालीये? चौघांना लेखी पत्र द्या, रविवारी महापालिकेच्या शाळेत एकत्र बसा म्हणावं, यादी घेऊन. निदान गल्ली कुणाची हा वाद तरी सगळ्यांसमोर होईल.

झाकणाचा फोटो मात्र आजच टाका, आणि तोवर एखादी कुंडी ठेवा तिथे.