अँपार्फे शिकताना आधी ‘नू’चं रूप घोट
मालवणला येणाऱ्या पाहुण्यांशी फ्रेंचमधून बोलायचं म्हणतोस, तर अपूर्ण भूतकाळ, म्हणजे अँपार्फे, आधी पक्का कर. गावच्या जुन्या गोष्टी त्याच्याशिवाय सांगताच येत नाहीत.

क्रियापदाचं वर्तमानकाळातलं ‘नू’चं (‘आम्ही’चं) रूप घे, शेवटचं ‘ओं’ काढ, प्रत्यय लाव. नू फिनिसों (आम्ही संपवतो), म्हणून झ फिनिसे (मी संपवत होतो). अपवाद एकच, ‘एत्र’ (असणे): झेते. झ (मी), त्यु (तू), इल (तो) आणि अनेकवचनी इल (ते) ही चारही रूपं कानाला सारखीच लागतात, स्पेलिंगं मात्र तीन, झ आणि त्युचं तेवढं एकच. नुसतं ऐकून भागणार नाही, वहीत लिहूनच काढ.

खरी मेख वापरात आहे. ‘आजोबा रापण ओढायचे’ आणि ‘पाऊस पडत होता’, दोन्हींना अँपार्फेच. पण ‘पाऊस पडत होता, तेवढ्यात होडी आली’ यातलं ‘आली’ पासे काँपोझेत, म्हणजे पूर्ण झालेल्या क्रियेच्या भूतकाळात जातं: इल प्लव्हे, कां ल बातो ए तारिव्हे. आणि ‘ते दहा वर्षं वेंगुर्ल्यात राहिले’? काळ लांबलचक खरा, पण मुदत ठरलेली आणि संपलेली. म्हणून तिथेही पासे काँपोझे, इल आ आबिते. बहुतेकजण इथेच घसरतात. आजीच्या लहानपणावर रोज पाच वाक्यं लिही आणि मला पाठव, मी तपासून देईन.