अमेरिकेतला ‘डिस्ट्रिक्ट’ आणि आपला जिल्हा

प्रश्न असा आहे: न्यूयॉर्कच्या ‘सदर्न डिस्ट्रिक्ट’च्या कोर्टाला मराठी बातम्यांत ‘दक्षिण न्यूयॉर्क जिल्हा न्यायालय’ म्हणतात, ते बरोबर आहे का? आणि एकाच राज्याचे असे चार-चार डिस्ट्रिक्ट कोण पाडतं?

बरोबर नाही. रोज छापून येतं म्हणून चालवून घ्यायचं असेल तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे जिल्हा म्हटलं की कलेक्टर आला, जिल्हा परिषद आली, एसपी आला. त्या डिस्ट्रिक्टला यांतलं काहीही नसतं. आपल्या जिल्ह्याच्या जवळपास जाणारी गोष्ट तिथे कौंटी. सदर्न डिस्ट्रिक्टमध्ये अशा आठ कौंट्या येतात: न्यूयॉर्क (म्हणजे मॅनहॅटन), ब्राँक्स, वेस्टचेस्टर, पटनम, रॉकलंड, ऑरेंज, डचेस आणि सलिव्हन. आठ जिल्ह्यांचा मिळून एक जिल्हा कसा होईल?

शिवाय आपलं जिल्हा न्यायालय हायकोर्टाच्या हाताखाली असतं. तिथलं हे कोर्ट राज्याचं नाहीच, केंद्राचं आहे. न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देतं, नेमणूक तहहयात. त्याच शहरात राज्याची कोर्टं वेगळी चालतात, आणि टेक्सासमध्ये तर राज्याच्या कोर्टांनाही ‘डिस्ट्रिक्ट कोर्ट’च म्हणतात. न्यूयॉर्क राज्यात मूळ खटला जिथे उभा राहतो त्या कोर्टाचं नाव ‘सुप्रीम कोर्ट’. पाटी बघून भाषांतर करणाऱ्यांनी याचं काय करायचं ते त्यांनीच सांगावं.

आता ‘जिल्हा’. मूळ अरबी शब्दाचा अर्थ बरगडी; त्यावरून बाजू, कड, आणि मग मुलखाची एक बाजू. म्हणजे जिल्हा हा शरीराच्या अवयवावरून आलेला, भूगोलाचा शब्द. ‘डिस्ट्रिक्ट’ची जातकुळी वेगळी, आणि खरी गंमत तिथे आहे. लॅटिन ‘दिस्त्रिंगेरे’ म्हणजे ताणून धरणं, आवळणं. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘दिस्त्रिक्तुस’ म्हणजे आधी सरदाराचा माणसाला धरून वठणीवर आणायचा अधिकार, आणि नंतर तो अधिकार जिथपर्यंत चालतो तो मुलूख. इंग्रजी कायद्यात थकलेल्या भाड्यापोटी सामान जप्त करण्याला २०१४ पर्यंत ‘डिस्ट्रेस’ म्हणत, तो याचाच सख्खा भाऊ. तेव्हा ‘डिस्ट्रिक्ट’ हा मुळातच कोर्टकचेरीचा शब्द: ज्याची जप्ती जिथवर चालते तेवढा प्रदेश. कलेक्टरने तो नंतर उसना घेतला. इंग्रजी शाळेत शिकलेल्या आपल्या पिढ्यांनी कलेक्टरचा अर्थ पहिला आणि कोर्टाचा दुसरा धरला, सगळा घोळ तिथून सुरू.

अमेरिकेतही शब्द याच मूळ अर्थाने बसला. २४ सप्टेंबर १७८९ च्या न्यायव्यवस्था कायद्याने देशाचे १३ डिस्ट्रिक्ट केले. तेव्हा राज्यघटना मान्य केलेली राज्यं होती ११. मग १३ कसे? मॅसॅच्युसेट्सचा मेन हा भाग आणि व्हर्जिनियाचा केंटकी हा भाग वेगळे डिस्ट्रिक्ट धरले. केंटकी राज्य झालं १७९२ साली, मेन १८२० साली. म्हणजे राज्य होण्याच्या आधीच त्यांना स्वतःचं फेडरल, म्हणजे केंद्राचं, कोर्ट मिळालं होतं. आज एकूण ९४ डिस्ट्रिक्ट आहेत. त्यांतले ८९ पन्नास राज्यांत: २६ राज्यांत एकेक, १२ राज्यांत दोन, ९ राज्यांत तीन, आणि कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, टेक्सास या तिघांत चार-चार. उरलेले पाच म्हणजे राजधानी, पोर्तो रिको, ग्वाम, व्हर्जिन आयलंड्स आणि नॉर्दर्न मारियाना.

‘दक्षिण न्यूयॉर्क’ म्हणणाऱ्यांनी एकदा नकाशा उघडावा. राज्याचं अगदी दक्षिणेचं टोक स्टेटन आयलंडवर आहे, आणि स्टेटन आयलंड आहे ‘ईस्टर्न’ डिस्ट्रिक्टमध्ये! कारण इतिहासात आहे. १८१४ साली राज्याचे नॉर्दर्न आणि सदर्न असे दोनच तुकडे झाले. १८६५ साली ब्रुकलिन, लाँग आयलंड आणि स्टेटन आयलंड काढून ईस्टर्न केला. १९०० साली वेस्टर्न. नावं मात्र होती तीच राहिली. त्यात पाण्याची गंमत निराळीच: ईस्टर्नच्या हद्दीतल्या पाण्यावर सदर्नचाही अंमल आणि मॅनहॅटन-ब्राँक्सच्या पाण्यावर ईस्टर्नचाही. बंदरात बोट बोटीवर आपटली तर ‘हद्द आमची नाही’ म्हणून कोणी हात वर करू नयेत, इतकी ती सोय. म्हणून दिशा राज्याला न जोडता डिस्ट्रिक्टला जोडायची. ‘दक्षिण न्यूयॉर्क’ नव्हे, ‘न्यूयॉर्कचा दक्षिण अमुक’. अमुकच्या जागी काय, ते पुढे.

तुकडे पाडतं काँग्रेस, म्हणजे तिथली संसद. राज्य सरकारला त्यात अधिकार नाही. फेडरल कायद्यांच्या संग्रहातल्या २८व्या शीर्षकात (म्हणजे भागात) कलम ८१ ते १३१ मध्ये राज्यांची वर्णानुक्रमे यादी आहे, अलाबामापासून वायोमिंगपर्यंत, आणि बहुतेक ठिकाणी कौंट्यांची नावं एकेक करून लिहिलेली. नवा डिस्ट्रिक्ट पाडायचा तर ही यादी बदलणारं विधेयक हवं. त्यात कोणत्या कौंट्या इकडच्या तिकडे गेल्या, कोर्ट कोणकोणत्या गावी भरेल, आहेत त्यांतले कोणते न्यायाधीश कुठे बसतील, हे सगळं यावं लागतं. चालू खटल्यांचं काय, आधी बसवलेल्या ग्रँड ज्युरीचं (खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचं) काय, हेही लिहावं लागतं. ते राहिलं तर पहिल्याच आठवड्यात आरोपीचा वकील हरकत घेणार. शिवाय प्रत्येक नव्या डिस्ट्रिक्टला स्वतंत्र सरकारी वकील म्हणजे यूएस अ‍ॅटर्नी, मार्शल (कोर्टाचे हुकूम बजावणारा अधिकारी) आणि क्लार्कची कचेरी लागते. खर्चाचा हा डोंगर बघून काँग्रेस बहुधा तुकडा न पाडता न्यायाधीशांची पदं वाढवते. न्यू जर्सी एवढं दाट वस्तीचं, पण अजून एकच डिस्ट्रिक्ट. नेवार्क, ट्रेंटन आणि कॅमडेन अशा तीन ठिकाणी कोर्ट भरतं, झालं. साउथ कॅरोलायनाने तर उलटी वाट धरली: ईस्टर्न-वेस्टर्न असे दोन होते, ते १९६५ साली परत एक केले.

कौंटीची रेघ जिथे पुरत नाही तिथे कायदा किती बारकाईत शिरतो ते नॉर्थ कॅरोलायनात बघा. डरहॅम कौंटी मिडल डिस्ट्रिक्टमध्ये, पण बटनर इथल्या फेडरल तुरुंगाखाली जेवढी डरहॅमची जमीन येते तेवढीच कापून ईस्टर्नला दिलेली. तुरुंग म्हटला की कैद्यांचे अर्ज आले. ते एकाच कोर्टाकडे जातात.

चुकतं कसं, याचा अस्सल नमुना म्हणजे यलोस्टोन. हे राष्ट्रीय उद्यान मुख्यतः वायोमिंगमध्ये, पण त्याच्या कडा माँटाना आणि आयडाहोत शिरतात. कलम १३१ ने अख्खं उद्यान वायोमिंगच्या डिस्ट्रिक्टला दिलं. राज्याची सीमा ओलांडणारा डिस्ट्रिक्ट देशात हा एवढाच. पण घटनेची सहावी दुरुस्ती म्हणते, ज्युरी गुन्हा घडला त्या राज्यातली आणि त्या डिस्ट्रिक्टमधली हवी. आयडाहोतल्या पट्टीत गुन्हा झाला, तर राज्य आयडाहो आणि डिस्ट्रिक्ट वायोमिंग. दोन्हींत बसणारी माणसं त्या पट्टीतच राहायला हवीत, आणि तिथे कोणी राहतच नाही; म्हणजे ज्युरी आणायची कुठून? ब्रायन काल्ट या कायद्याच्या प्राध्यापकाने २००५ साली हे भोक दाखवून दिलं.

जुने निकाल मराठीत आणणाऱ्यांसाठी इलिनॉयचा खड्डा सांगून ठेवतो. १९७८ च्या कायद्याने तिथला जुना ‘सदर्न’ झाला ‘सेंट्रल’ आणि जुना ‘ईस्टर्न’ झाला ‘सदर्न’. अंमल १९७९ पासून. त्याआधीच्या निकालावर ‘सदर्न डिस्ट्रिक्ट’ असेल तर कोर्ट स्प्रिंगफील्डकडचं, नंतरच्या निकालावर असेल तर ईस्ट सेंट लुइसकडचं. आधी साल बघा, मग गावाचं नाव घाला.

आता प्रतिशब्द. काही जाणकार ‘विभाग’ सुचवतात. डिस्ट्रिक्टच्या पोटात ‘डिव्हिजन’ असतात हे त्यांच्या गावी नाही. टेक्सासच्या नॉर्दर्न डिस्ट्रिक्टमध्ये डॅलस, फोर्ट वर्थ, अमरिलो, लबक धरून सात डिव्हिजन आहेत. विभाग हा शब्द त्यांना लागेल, आधीच खर्च करून कसं चालेल? दुसरे ‘खंडपीठ’ म्हणतात, ते त्याहून वाईट. नागपूरचं खंडपीठ हे मुंबई हायकोर्टच असतं, मुख्य न्यायाधीश एकच. जागा तेवढी वेगळी. सदर्न आणि ईस्टर्न ही दोन स्वतंत्र कोर्टं आहेत. एकाचा निकाल दुसऱ्यावर बंधनकारक नाही, आणि चुकीच्या डिस्ट्रिक्टमध्ये दावा लावला तर तो फेटाळला जातो किंवा दुसरीकडे पाठवला जातो.

माझं मत ‘इलाखा’. मूळ अरबी धातूचा अर्थ लटकणं, चिकटणं, संबंध असणं. त्याच धातूतून ‘तालुका’ही आला, म्हणजे दोघे चुलत भाऊ. वक्तचा वखत झाला तसा इलाक्याचा मराठीत इलाखा झाला. कोण कोणाच्या अंमलाला बांधलेला, हाच त्याचा गाभा, आणि ‘दिस्त्रिक्तुस’चाही नेमका तोच. मुंबई इलाखा आठवतो म्हणून शब्द फार मोठा वाटतो, असा आक्षेप घेतात. मुंबई इलाखा केव्हाच गेला, शब्द रिकामा पडलाय. आणि अख्खा अलास्का एकाच डिस्ट्रिक्टमध्ये बसतो, तेव्हा मोठेपणाचं भय नको. ‘न्यूयॉर्कच्या दक्षिण इलाख्याचं फेडरल कोर्ट’ असं लिहा. मथळ्यात जागा नसेल तर ‘मॅनहॅटनचं फेडरल कोर्ट’ चालेल, कारण ते मुख्यतः तिथेच भरतं. मात्र त्याच कोर्टाची व्हाइट प्लेन्सलाही जागा आहे, तेव्हा बातमी तिथली असेल तर मॅनहॅटन लिहू नका.