शाळकरी वाद्यवृंदांच्या स्वखर्चाच्या रेकॉर्ड

प्रश्न : मी मॅसॅच्युसेट्स राज्यात राहते. आमच्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांच्या निधनानंतर त्यांचे घर आवरायला मी मदत केली, तेव्हा त्यांच्या मुलीने मला एक जुनी एलपी रेकॉर्ड दिली. वेष्टनावर एका शाळेच्या पायऱ्यांवर गिटार घेऊन उभ्या असलेल्या पाच मुलांचे कृष्णधवल छायाचित्र आहे आणि मागची बाजू कोरी असून तिच्यावर कोणीतरी शाईने पाच नावे लिहिली आहेत. रेकॉर्ड कंपनीचे नाव कोठेही नाही. बाराही गाणी त्या काळच्या प्रसिद्ध गायकांची आहेत. दुसऱ्यांचीच गाणी वाजवलेली असल्यामुळे ती कवडीमोल समजावी का? मागची शाई पुसून ती स्वच्छ करावी का?
— एक वाचक

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण त्यात उशीर झाल्यास नुकसान भरून निघणार नाही : शाई कृपया पुसू नका. ती नावे वाद्यवृंदातल्या मुलांचीच असतील, तर ही रेकॉर्ड कोणी काढली हे सांगणारा तो कदाचित एकमेव पुरावा असेल. शाळेच्या त्या वर्षाच्या वार्षिकात ही नावे आणि छायाचित्रातले चेहरे पडताळून पाहता येतात, आणि अशी वार्षिके अनेक शाळांनी व गावांच्या ग्रंथालयांनी जपून ठेवलेली असतात.

आता मोलाविषयी. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्स अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर झळकले आणि त्यानंतर तिथल्या शाळाशाळांत मुलांचे वाद्यवृंद उभे राहिले; मात्र शाळेच्या नृत्याच्या संध्याकाळी वाजवण्याची आणि आपल्या वाजवण्याची रेकॉर्ड काढण्याची हौस त्याआधीचीही आहे. न्यू हॅम्पशायरमधल्या सेंट पॉल्स शाळेतल्या ‘इलेक्ट्राज’ या वाद्यवृंदाने १९६१ साली स्वतःची रेकॉर्ड काढली होती. पुढे अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले जॉन केरी त्यात बास गिटार वाजवत असत. नाचायला आलेल्या मुलामुलींना रेडिओवर ऐकलेलीच गाणी हवी असत, त्यामुळे अशा वाद्यवृंदांतल्या मुलांचा सराव मुख्यतः त्याच गाण्यांचा असे. शाळा संपून प्रत्येक जण वेगवेगळ्या महाविद्यालयाची वाट धरण्यापूर्वी आठवण म्हणून ती मुले वर्गणी काढून एखाद्या लहान स्टुडिओत एकदोन दिवसांत दहाबारा गाणी ध्वनिमुद्रित करत आणि थोड्याशा प्रती काढून त्या मित्रांना, पालकांना विकत.

प्रती थोड्या का, याचे कारण छपाईच्या पद्धतीत आहे. लॅकर या रसायनाचा लेप दिलेल्या तबकडीवर मूळ ध्वनिरेषा कोरायची, तिच्यावरून धातूचे साचे घडवायचे आणि मग त्या साच्यांनी प्लास्टिक दाबून प्रती काढायच्या, असा तो क्रम असतो. पहिल्या दोन टप्प्यांचा खर्च प्रती किती काढल्या यावर अवलंबून नसतो, त्यामुळे फार थोड्या प्रती काढल्या तर प्रत्येक प्रत महाग पडते, आणि पुष्कळ काढल्या तर घेणार कोण, हा प्रश्न उरतो. मॅसॅच्युसेट्समधल्याच अँडोव्हरच्या फिलिप्स अकॅडमी या शाळेतल्या ‘रायझिंग स्टॉर्म’ने १९६७ साली पाचशे प्रती काढल्या, इलिनॉयमधल्या ‘बाक्स’ या वाद्यवृंदाच्या १९६८च्या रेकॉर्डच्या प्रती दीडशेच्या आसपासच निघाल्या असे मानले जाते. त्यांतल्या किती शाळकरी मेजवान्यांत खरवडल्या गेल्या आणि किती तळघरांच्या ओलीत कुजल्या असतील, याचा विचार केला की उरलेल्या प्रतींसाठी संग्राहक इतके धडपडतात याचे आश्चर्य वाटत नाही.

तरीही दुर्मीळ असली म्हणजे रेकॉर्ड मौल्यवान असतेच असे नाही. त्याच काळात शाळांचे गायनवृंद आणि बँडपथके यांच्याही असंख्य रेकॉर्ड थोड्या प्रतींत निघाल्या, पण त्यांना सहसा कोणी विचारत नाही. रॉक वाजवणाऱ्या मुलांच्या रेकॉर्डला मागणी आहे, आणि त्यातही मुलांनी स्वतः रचलेली गाणी असतील तर ती अधिक. ‘बाक्स’ची सगळी गाणी स्वतःची आहेत, तर ‘रायझिंग स्टॉर्म’ने दोन्ही प्रकार मिसळले आहेत. आपल्या रेकॉर्डमध्ये स्वतःचे गाणे एकही नसल्याने बाजारात तिला त्यांच्याएवढा भाव येणार नाही, पण तिला कवडीमोल म्हणणे मला अजिबात मान्य नाही. सतरा वर्षांचा मुलगा विल्सन पिकेट या त्या काळच्या अमेरिकी सोल गायकाचे गाणे म्हणताना मूळ गायकाच्या गळ्यातली धार त्याला साधत नाही आणि तिच्या जागी एक संकोचलेला, प्रामाणिक सूर येतो. तो मूळ रेकॉर्डमध्ये ऐकायला मिळत नाही. गिटारवादकाला अवघड जागा जमत नाही म्हणून तो ती सोपी करून घेतो आणि कधी कधी ते गाणे अगदी वेगळेच होऊन बसते. मला स्वतःला या रेकॉर्ड आवडतात त्या यासाठीच.

ओळख पटवण्यासाठी लेबल आणि ध्वनिरेषा यांच्यामधली गुळगुळीत पट्टी दिव्याखाली तिरकी धरून पाहा. तिथे कोरलेला क्रमांक फार बोलका असतो. मोठ्या कंपन्याही बाहेरच्यांच्या रेकॉर्ड पैसे घेऊन छापून देत असत. आरसीए कंपनीच्या अशा कामातल्या क्रमांकाचे पहिले अक्षर वर्ष दाखवते : एस म्हणजे १९६५, टी म्हणजे १९६६, यू म्हणजे १९६७ आणि डब्ल्यू म्हणजे १९६८. वेष्टनावर पत्ता छापलेला असेल तर तोही वाचा. अमेरिकेत पाच अंकी झिप कोड जुलै १९६३ मध्ये सुरू झाला, त्यामुळे पत्त्यात तो असल्यास रेकॉर्ड त्यानंतरचीच.

एवढे हाती लागेपर्यंत ती विकू नका, आणि झिजलेल्या सुईवर वाजवूही नका. रेकॉर्ड उभी ठेवा, उन्हापासून आणि ओलीपासून दूर. त्या मुलांपैकी कोणी आज हयात असतील तर पंचाहत्तरीच्या पुढेमागे असतील, आणि त्यांच्याकडे स्वतःची प्रत उरली असेलच असे नाही. नावे जुळली तर शाळेच्या माजी विद्यार्थी संघामार्फत त्यांना एक पत्र पाठवा, असे मी आग्रहाने सुचवतो.

प्रश्न : अशा रेकॉर्डची मूळ प्रत आणि पुढे काढलेली नवी आवृत्ती यांत फरक कसा ओळखावा?
— दुसरे एक वाचक

उत्तर : वेष्टनावर बारकोड छापलेला असेल तर प्रत साठच्या दशकातली नाही, कारण दुकानात बारकोडचा वापर १९७४ साली सुरू झाला. त्या काळची अमेरिकी वेष्टने बहुधा जाड पुठ्ठ्यावर छापील कागद चिकटवून केलेली असत, त्यामुळे कडेला कागदाची शिवण बोटाला जाणवते. नव्या आवृत्तीचे छायाचित्र अनेकदा जुन्या वेष्टनावरूनच उतरवलेले असल्याने किंचित धूसर दिसते. पण शेवटचा निर्णय नेहमी गुळगुळीत पट्टीवरच्या क्रमांकावरून करावा, आणि दूर राहणाऱ्या विक्रेत्याकडून घ्यायची असेल तर पैसे देण्यापूर्वी त्या पट्टीचे जवळून काढलेले छायाचित्र मागवावे.