हांगझोऊ आशियाडला १०७ पदकं आणि पॅरिस ऑलिंपिकला फक्त ६. मग आशियाडच्या पदकांना अर्थ तरी काय?

तुमचे दोन्ही आकडे बरोबर आहेत. २०२३ च्या हांगझोऊ आशियाडमध्ये आपण २८ सुवर्ण, ३८ रौप्य आणि ४१ कांस्यपदकं घेऊन चौथे आलो. दहा महिन्यांनी पॅरिसहून १ रौप्य आणि ५ कांस्य आली. पण त्यावरून ‘आशियाडची पदकं फुकाची, खरी लायकी पॅरिसला कळली’ असं तुम्ही लिहिलंय, ते मला अजिबात पटत नाही.

मी बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. धावपटू अविनाश साबळे याच तालुक्यातल्या मांडव्याचा. १ ऑक्टोबर २०२३, रविवार. त्या वर्षी पावसानं दगा दिला होता, सोयाबीन हाती लागलं ते थोडंच. दिवस कलताना पारावर एका मोबाईलभोवती पंधरा-वीस डोकी जमली होती. अविनाशची ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांवरून आणि पाण्यावरून उड्या मारत पळायची शर्यत: ८ मिनिटं १९.५० सेकंद, सुवर्ण आणि आशियाडचा नवा विक्रम. दुसरा आलेला जपानी धावपटू चार सेकंदांहून जास्त मागं होता. आमच्यातले एक म्हातारबाबा डोळे पुसत नुसतं “मांडव्याचं लेकरू, मांडव्याचं लेकरू” म्हणत होते. तीन दिवसांनी त्यानं ५००० मीटरचं रौप्यही घेतलं.

आता पॅरिस. अंतिम शर्यत आपल्याकडं रात्री एक वाजून गेल्यावर झाली. अविनाश अकरावा आला. सकाळी शाळेत पाय ठेवतो न ठेवतो तोच सहावीतल्या पोरानं विचारलं, “सर, अविनाशदादा हारला म्हनं?” मी काही बोललो नाही. फळ्यावर दोन वेळा लिहिल्या: हांगझोऊ ८:१९.५०, पॅरिस ८:१४.१८. म्हटलं, कर वजाबाकी. त्यानं बोटं मोजली, परत फळ्याकडं पाहिलं आणि ओरडला, “सर, हे तर पॅरिसलाच जोरात पळालेत!”

हो. सुवर्णपदकाच्या शर्यतीपेक्षा अकराव्या क्रमांकाच्या शर्यतीत तो पाच सेकंदांहून जास्त वेगानं पळाला. मधल्या काळात तो मागं गेला नव्हता, समोरची माणसं बदलली होती. आशिया खंडात केनिया, इथियोपिया, मोरोक्को नाहीत. पॅरिसला मोरोक्कोच्या अल बक्कालीनं ८:०६.०५ मध्ये सुवर्ण घेतलं आणि कांस्यपदकाची वेळसुद्धा ८:०६.४७ होती. अविनाशचा राष्ट्रीय विक्रम ८:०९.९१, तोही त्याच पॅरिसात महिनाभर आधी केलेला. म्हणजे अंतिम फेरीत तो स्वतःच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा चार सेकंद मागं राहिला. ते आम्हालाही लागलं, खोटं कशाला बोलू. पण आधीच्या टोकियो ऑलिंपिकला राष्ट्रीय विक्रम करूनही याच माणसाची अंतिम फेरी हुकली होती. पॅरिसला तो ती गाठणारा पहिला भारतीय पुरुष ठरला. आणि केनियासमोर टिकेल का म्हणाल, तर २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुलमध्ये केनियाच्या किबिवोटपेक्षा फक्त ०.०५ सेकंदानं त्याचं सुवर्ण हुकलं. या शर्यतीत राष्ट्रकुलची तिन्ही पदकं १९९८ पासून दर वेळी केनियाच घेऊन जात होता.

तुमच्या हिशोबात आणखी एक गोष्ट सुटलीय. हांगझोऊच्या २८ सुवर्णांपैकी तिरंदाजीची पाचही कंपाउंड, म्हणजे चाकं बसवलेल्या धनुष्याची होती. कबड्डीची २, क्रिकेटची २, स्क्वॉशची २. नेमबाजीच्या ७ पैकी ५ तिघा-तिघांच्या सांघिक प्रकारातली. हे प्रकार पॅरिसला नव्हतेच. म्हणजे १६ सुवर्णांना तिथं दारच बंद होतं. कबड्डी ऑलिंपिकमध्ये नाही हा काही आमच्या पोरापोरींचा दोष नाही. महिला संघानं चायनीज तैपेईला २६-२५ असं एका गुणानं हरवून देशाचं शंभरावं पदक आणलं, त्याला फुकाचं कसं म्हणायचं?

उरलेलं जरा नीट बघा. पॅरिसची सहाही पदकं हांगझोऊला पदक घेतलेल्यांनीच आणली. नीरज चोप्रा आणि हॉकी संघ तिथं सुवर्णविजेते. पैलवान अमन सेहरावतचं तिथंही कांस्यच. मनू भाकर, सरबजोत सिंग आणि आपल्या कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे हे तिघंही नेमबाज तिथल्या सांघिक सुवर्णात होते. स्वप्नील हांगझोऊच्या वैयक्तिक प्रकारात चौथा आला होता, पॅरिसला त्याच प्रकारात कांस्य घेऊन आला. शिडीची खालची पायरी काढून घेतली तर वर चढायचं कुठून?

मला झोप लागू देत नाहीत ते पॅरिसच्या सुवर्णात आणि अविनाशमध्ये राहिलेले आठ सेकंद. अविनाश बारावी करून सैन्यात गेला. महार रेजिमेंट, सियाचिनचा बर्फ, राजस्थानची वाळू. २०१५ मध्ये कुठं तो धावण्याकडं वळला, स्टीपलचेस त्याच्याही नंतर. २०१८ मध्ये त्यानं गोपाल सैनींचा ३७ वर्षं टिकलेला स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रम मोडला. तोवर तो चोविशीत पोचला होता. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याची उडी. अडथळा तीन फुटांचा, जड लाकडाचा. पाय लागला तर तो पडत नाही, पळणाराच पडतो. आमच्या शाळेला मुरमाचं मैदान आहे आणि फक्कीनं आखलेली दोनशे मीटरची वाट. उन्हाळ्यात गावाला टँकर येतो, तिथं पाण्याची उडी शिकवायला खड्डा कसा भरणार? पोरं दोन दगडांवर बल्ली ठेवून उड्या मारतात.

आणि पळणारी पोरं असतात, नाही असं नाही. दोन वर्षांमागं सातवीतली एक मुलगी ८०० मीटरला तालुक्यात पहिली आली. जिल्ह्याच्या स्पर्धेच्या चार दिवस आधी तिच्या आईबापाचा कोयता, म्हणजे ऊसतोडीला जाणारी जोडी, साखर कारखान्याकडं निघाला. ट्रकमध्ये भांडी, सरपण, शेळी आणि ती. मी गाडीपाशी गेलो, पण तिच्या वडिलांनी मुकादमाकडून आगाऊ पैसे, म्हणजे उचल, घेतलेली. घरी धाकटं भावंड सांभाळायला कुणी नव्हतं. त्यांना तरी काय बोलणार?

तुम्ही मुंबई-पुण्यात असाल तर एवढं करा: पुढच्या वेळी पदकतक्त्याखाली सविस्तर निकालही उघडा. धावपटूची वेळ बघा आणि त्याची आधीची सर्वोत्तम वेळ काय होती ते बघा.

ती मुलगी आता नववीत आहे. यंदा तिच्या आईनं तिला आजीपाशी ठेवलंय. जुलैत तिची ८०० मीटरची वेळ ३ मिनिटं ४ सेकंद होती, परवा २ मिनिटं ५७ आली. पुढच्या आठवड्यात तालुक्याची स्पर्धा आहे.